कंपनीच्या पेटाऱ्यातले लाल डोळे

जत्रांच्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्यांचा मुक्काम रोज वेगळ्या गावात. दहीकाला आटोपून सकाळी थेट माझ्याकडे येणारे नट मला नवीन नाहीत. कुणाच्या डोळ्यात रंग गेलेला असतो, कुणाच्या मशालीवर उडवलेली राळ. डोळा धुऊन थेंब दिले की ते पुढच्या गावाला मोकळे.

हा तिशीतला नट मात्र उजव्या डोळ्यावर टॉवेल दाबून, भावाचा हात धरून आला. "डॉक्टरांनू, उजेड सोसणा नाय माका." स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) मधोमध पिवळट पांढरा व्रण दिसला. कडा लिबलिबीत झालेल्या, वर हिरवट चिकट स्राव, आणि आत तळाशी पू साचून त्याची सरळ आडवी रेघ. नजर एवढीच, की एक मीटरवरची बोटं कशीबशी मोजता यावीत.

ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या, नाटकात तो महिषासुर करायचा. त्यासाठी लाल लेन्स लावली, पहाटेपर्यंत ठेवली आणि तशीच डोळ्यांत ठेवून टेम्पोत झोपला. दुखायला लागल्यावर मेडिकलवाल्याने स्टेरॉइड असलेले थेंब दिले. लाली एक दिवस दबली आणि जंतूंना रान मोकळं मिळालं. डोळा न बघता स्टेरॉइड काउंटरवरून देणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. स्वस्त रंगीत लेन्स ही वाट अडवते, झोपेत पापणी मिटली की आणखीच. रंगाचा थर पृष्ठभागावर असेल तर तो खरखरीत असतो, कॉर्निया खरचटतो आणि जंतूंना चिकटायला जागा मिळते. शिवाय वक्रता मोजलेली नसते, मग लेन्स आवळून बसते. हे सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "पण तिका नंबर नाय होतो." नंबर नाही म्हणजे अपाय नाही, असं विकणाऱ्यानेच सांगितलं होतं. अमेरिकेत २००५ पासून बिननंबरची रंगीत लेन्ससुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे ही जोडी कुरिअरने घरपोच आली होती.

लेन्स कुठे ठेवता, असं विचारल्यावर भावाने पिशवीतून कुंकवाची जुनी डबी काढली. आत विहिरीचं पाणी, त्यावर खोबरेलाचा तवंग, कारण रंग उतरवलेल्या हातांनीच लेन्स काढायची. आणि ही जोडी त्याची एकट्याची नव्हतीच. कंपनीच्या पेटाऱ्यात असायची, त्या रात्री जो राक्षस करील तो लावणार. मी तिथूनच मालकांना फोन लावला आणि ही जोडी लावणाऱ्या बाकीच्या दोघांना बोलावून घेतलं. एकाचा डोळा स्वच्छ होता. दुसऱ्याच्या कॉर्नियावर ओरखडे होते, ते वेळेत सापडले.

व्रण खरवडून नमुना काचेवर घेतला. आमची लॅबची मुलगी रविवार असूनही आली आणि ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून पाहण्याच्या चाचणीत, गुलाबी दांडुक्यांसारखे जंतू दाखवले. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहिल्यावर, स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. हा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. तयार बाटलीतलं टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक इथे कमी पडतं. इंजेक्शनमधलं औषध मिसळून थेंब तीव्र करावे लागतात आणि सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला घालावे लागतात. भावाने गजर लावून घातले. इतक्या नेटाने थेंब घालणारे नातेवाईक मी फार थोडे पाहिले आहेत.

डोळा वाचला. मधोमध पांढरा डाग राहिला आणि पृष्ठभाग वेडावाकडा झाला. चष्म्याने त्यावर फारसा फरक पडत नाही. कडक, हवा जाऊ देणारी लेन्स नीट मापाने बसवली तर नजर बरीच सुधारेल, पण लेन्स म्हटलं की तो मान फिरवतो. मी जोर केलेला नाही.

मालक मात्र परत आले. लाल डोळ्यांशिवाय पोरं महिषासुराला घाबरत नाहीत, दुसऱ्या कंपन्या लावतात, आम्ही काय करायचं? जुने नट काजळ आणि नजरेवर राक्षस उभा करायचे हे खरं, पण ते सांगून हा माणूस थांबणार नव्हता. प्रत्येक नटाचं माप घेऊन त्याची स्वतंत्र जोडी आणि डबी, विहिरीचं पाणी बंद, झोपण्यापूर्वी लेन्स बाहेर, एवढं मान्य असेल तर मी बसवून देतो म्हटलं. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे मुळीच पटलेलं नाही. त्यांच्या मते डॉक्टरने अशा लेन्सला हातच लावू नये. मालकांनी नटांना घेऊन येतो म्हटलंय, अजून आलेले नाहीत.