एक पेटी, सहा नोंदी

“आमच्या बाजूने सर्व सेवा सुरळीत आहेत.” तीन आठवड्यांत एका कुरियर कंपनीच्या हेल्पडेस्ककडून हे वाक्य मला मेलवर अकरा वेळा आलं. अकरा, मोजून. तो राग अजून उतरलेला नाही आणि रागातच लिहायला बसलोय, तेव्हा सांगण्याचा क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

कॉलेजातल्या एका मित्राची पावसजवळ हापूसची बाग आहे. ऑर्डरी वहिनी बघतात. गेल्या वर्षी मी त्यांना एक छोटं ॲप करून दिलं. पत्ता भरला, बटण दाबलं की कुरियर कंपनीकडे पेटी बुक होते. ॲप कंपनीच्या सर्व्हरशी थेट बोलत नाही, मध्ये माझा प्रॉक्सी आहे, म्हणजे इकडची विनंती तिकडे आणि तिकडचं उत्तर इकडे पोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम. एक तर कंपनीची गुप्त की, म्हणजे त्यांच्या सर्व्हरला आपली ओळख पटवणारी किल्ली, फोनमध्ये ठेवायची नव्हती, आणि त्यांचं उत्तर एक्सएमएल नावाच्या मांडणीत येतं, ते ॲपसाठी जेसन या दुसऱ्या मांडणीत उलटवायचं होतं. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चारेकशे ओळी, त्याच्या पुढे विनंत्या आत सोडणारा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, त्याच्याही पुढे क्लाउडवाल्यांचा लोड बॅलन्सर, फोनवरून आलेली विनंती सगळ्यात आधी घेणारा. हे सगळं दोन दिवसांत उभं राहिलं आणि वर्षभर निमूट चाललं.

मग अक्षय तृतीयेच्या आठवड्यात वहिनींचा फोन. “भावोजी, ॲप म्हणालं बुकिंग झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा. म्हणून मी पुन्हा दाबलं. आता पिकअपवाला दारात उभा आहे आणि म्हणतो सहा पेट्या द्या. माझ्याकडे तर एकच आहे!”

कुरियरच्या वॉलेटमधून पैसेही सहा पेट्यांचे गेले होते.

माझ्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला तर ओळीने ५०४, म्हणजे ‘मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही’ असं सांगणारा कोड. लागलेला वेळ ६०.००१, ६०.०००, ६०.००२ सेकंद. आकडा इतका गोल दिसला की समोरचा सर्व्हर हळू आहे म्हणून सोडून देऊ नका. खरा उशीर ४७.३ असतो, ७१.८ असतो. बरोबर ६० आले म्हणजे वाटेत कुणीतरी घड्याळ लावून बसलंय. एन्जिनएक्सला काही सांगितलं नाही तर तो मागच्या सर्व्हरकडून पुढचा बाइट यायची वाट ६० सेकंदच बघतो. ती मुदत मी १२० केली. फोनवर तरीही साठाव्या सेकंदाला ५०४! फरक एवढाच पडला की एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ५०४ च्या जागी ४९९ दिसायला लागला. ४९९ हा एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या, अधिकृत यादीतला कोड नाही, एन्जिनएक्सचा घरचा आहे. त्याचा अर्थ, मागणारा उत्तर मिळायच्या आधीच उठून गेला. मी अर्धा दिवस वहिनींनाच विचारत होतो, तुम्ही ॲप मध्येच बंद करता का? त्या म्हणाल्या, “मी तर त्याच्यासमोर हात जोडून बसलेय.” उठून जाणारा निघाला लोड बॅलन्सर. त्याचीही मुदत ६०.

इथपर्यंत दुसऱ्यांवर चिडणं सोपं होतं. पण एका पेटीच्या सहा नोंदी कशा, याचं उत्तर माझ्याच कोडात होतं. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने मी रीट्राय घातला होता: ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून द्या आणि पुन्हा मागा, एकूण तीन वेळा. कंपनीचा सर्व्हर त्या आठवड्यात बुकिंगला चाळीस-पन्नास सेकंद घेत होता. मी तिसाव्या सेकंदाला फोन ठेवला तरी तिकडे काम चालूच, बुकिंग होऊन पैसे कापले जात होते. वर एन्जिनएक्सने जोडणी तोडल्याचं माझ्या नोडला ढिम्म कळत नव्हतं, कारण ते ऐकायची ओळच मी लिहिली नव्हती. म्हणजे वहिनींना “झालं नाही” असं सांगून झाल्यावर माझी तिसरी मागणी निघायची. बटण दोनदा, प्रत्येकी तीन. सहा.

रीट्राय लगेच बंद केला. पण झालेल्या जादा बुकिंगचे पैसे परत मिळवायचे, आणि सर्व्हर इतका हळू का ते विचारायचं, यासाठी हेल्पडेस्क गाठावा लागला. तिथे तीन आठवडे गेले.

त्यांना लॉग मजकुरात चालत नाही. स्क्रीनशॉट हवा, तोही वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेला. मी काळ्या टर्मिनलचे फोटो काढून वर्डमध्ये चिकटवले. जादा बुकिंग रद्द करायला एक्सेलचा तक्ता, त्यात ‘रद्द करण्याचे कारण’ हा रकाना, रकान्यात निवडायला चारच पर्याय, आणि ‘दुबार नोंद’ त्यात नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून मी ‘ग्राहकाने नकार दिला’ निवडलं. चार दिवसांनी वॉलेटमधून आणखी पैसे गेले, कारण ग्राहकाने नकार दिला की पेटी परत आणायचा आकार लागतो. जी पेटी कधी निघालीच नाही ती परत आणायचा आकार!

आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद. ४८ तासांत तुम्ही उत्तर दिलं नाही की ते आपोआप बंद होतं. त्यांचं उत्तर यायचं शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला. सोमवारी बघावं तर तिकीट बंद.

खरी मेख मात्र वेगळीच होती. त्यांचा सर्व्हर गुदमरला की ५०३, म्हणजे ‘आत्ता जमणार नाही’, देत नाही. तो २०० देतो, म्हणजे ‘सगळं ठीक’, आणि आत एक्सएमएलऐवजी ‘सर्व्हर बिझी’ असं लिहिलेलं एचटीएमएल पान. माझा एक्सएमएल वाचणारा कोड त्या पानावर आपटायचा आणि माझा प्रॉक्सी ५००, म्हणजे ‘माझ्याकडेच बिघाड’, द्यायचा. मग मेल यायचा: आमच्या लॉगमध्ये सर्व विनंत्यांना २०० आहे, ५०० तुमच्या सर्व्हरचा आहे, आमच्या बाजूने सर्व सेवा सुरळीत आहेत. कागदोपत्री बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त चिडचिड.

अकराव्या मेलनंतर मी शहाणा झालो. प्रॉक्सी बाजूला ठेवला आणि माझ्या सर्व्हरवरून सरळ त्यांना कर्ल या कमांडने विनंती केली. जोडणी व्हायला लागलेला वेळ आणि पहिला बाइट यायला लागलेला वेळ वेगवेगळा छापला: ०.०४ आणि ५२.६. सोबत त्यांच्याच उत्तराच्या हेडरमधली, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरच्या माहितीतली, तारीख-वेळ. जोडणी लगेच झाली म्हणजे माझं नेटवर्क धडधाकट, पुढचे बावन्न सेकंद तुमचे. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका इंजिनिअरचा फोन आला. चार मिनिटं बोलला. “सर, तुम्ही संदर्भ क्रमांक रिकामा पाठवताय. तो भरा. तोच क्रमांक पुन्हा आला तर आमच्याकडे नवं बुकिंग होत नाही, जुनंच परत येतं. आमच्या सूचनांच्या पीडीएफमध्ये ४३ व्या पानावर आहे.”

होतं. तक्त्याखालच्या बारीक टिपेत, ‘ऐच्छिक’ म्हणून. त्या इंजिनिअरवर चिडता येईना.

तो क्रमांक कुठे तयार करायचा, यातही मी एकदा आपटलो. आधी प्रॉक्सीत केला, म्हणजे प्रत्येक मागणीला नवा, म्हणजे शून्य उपयोग. आता वहिनी पत्ता भरतात तेव्हाच फोनवर तयार होतो आणि बटण कितीदाही दाबलं तरी तोच राहतो. मुदती आतून बाहेर वाढत जातात: नोड ४०, एन्जिनएक्स ५०, लोड बॅलन्सर ६०. आतला आधी हरला पाहिजे, कारण काय बिघडलं ते नीट सांगता येतं ते त्यालाच. नोडमध्ये विनंत्या पाठवायला ॲक्सिऑस ही लायब्ररी वापरत असाल तर त्याची मुदत स्वतः लिहा. न लिहिल्यास ती शून्य धरली जाते, म्हणजे मुदतच नाही. चाळीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर फोनला आता ‘झालं नाही’ असं सांगत नाही. २०२ देतो, ‘विनंती घेतली, तपासतोय’, आणि मागून त्याच क्रमांकाने पुन्हा विचारतो.

हो, ४०१ चं राहिलं, म्हणजे ‘तुमची ओळख पटली नाही’ या कोडचं. कंपनीची की मध्यंतरी संपली, त्यांनी ४०१ दिला, प्रॉक्सीने तो जसाच्या तसा पुढे ढकलला. ॲपला वाटलं वहिनींचंच लॉगिन संपलं, त्याने त्यांना बाहेर काढलं. त्या पासवर्ड बदलत बसल्या. मागच्याचं भांडण पुढच्याच्या नावावर टाकू नका. आता अशा वेळी, आणि त्या २०० वाल्या एचटीएमएल पानालाही, ५०२ जातो, म्हणजे ‘मागच्या सर्व्हरने नीट उत्तर दिलं नाही’. मागचा वेळेत बोललाच नाही आणि फक्त स्थिती विचारायची होती, तर ५०४.

‘फार विनंत्या होतायत’ असं सांगणाऱ्या ४२९ सोबत येणारं रीट्राय-आफ्टर, म्हणजे किती थांबायचं ती सूचना, कधी सेकंदांत असतं, कधी पूर्ण तारीख असते. मी तारखेचा आकडा करायला गेलो, आकडा झाला नाही, आणि नोडच्या टायमरने ‘थांब’ ऐवजी ‘लगेच’ ऐकलं. ‘थोडं थांबा’ म्हणणाऱ्याच्या दारावर मी धडाधड टकटक करत होतो.

आंबा संपला, पाऊस लागला, तेव्हा बहुतेक पैसे परत आले. उरलेल्या तीन नोंदींचं तिकीट आज सकाळी मी पुन्हा उघडलंय. कारणाच्या रकान्यात अजून चारच पर्याय आहेत.