टोकं पांढरी पडली? आधी ब्लेड बघा

लॉन कापल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते वरून पांढुरकं, करपल्यासारखं दिसायला लागलं की पहिला संशय पाण्यावर जातो. मग युरिया पडतो, मग बुरशीनाशक. त्याआधी खाली बसून गवताची चार-पाच पाती उपटून टोकं बघा. कात्रीने कापल्यासारखी सरळ असतील तर दोष दुसरीकडे आहे. दोरे सुटलेले असतील तर मशीनने गवत कापलेलं नाही, ओरबाडलंय. अशा फाटक्या टोकातून ओलावा जास्त उडतो आणि बुरशीलाही आयती वाट मिळते.

बहुतेक बंगल्यांत आणि सोसायट्यांत असतं ते रोटरी मशीन. त्याचं ब्लेड वेगाने फिरून गवताला फटका मारतं, त्यामुळे धार गेली तरी मशीन चालतच राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. साधारण २०-२५ तासांच्या कामानंतर धार लावावी. लॉनमध्ये खडी-दगड असतील तर आधीच. आधी विजेच्या मशीनचा प्लग काढा, पेट्रोलचं मशीन असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा. हे न करता ब्लेडला हात लावू नये, मशीन बंद असलं तरी. पेट्रोलचं मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ऑइल त्या एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि नंतर मशीन धूर ओकतं.

ब्लेड शिकंज्यात धरून कानस मूळच्या उतारानेच चालवा, साधारण ३० अंश. दोन्ही टोकांना सारखेच हात. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला वळते. मग मधल्या भोकातून ब्लेड खिळ्यावर अडकवून बघा. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे. धारेला हात न लावता तिच्या मागच्या कडेने थोडं घासा. तोल न साधता बसवलेलं ब्लेड मशीनला हादरे देतं आणि बेअरिंग खातं. बसवताना वळलेले पंख वर, म्हणजे मशीनच्या पोटाकडे. उलटं बसलेलं ब्लेड गवत नुसतं झोडपतं, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच नेहमीची आहे.

हाताने ढकलायच्या रीळ मशीनचं गणित वेगळं. त्यात रिळाची पाती खालच्या स्थिर पट्टीला जेमतेम टेकून कात्रीसारखी कापतात. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून रीळ सावकाश फिरवा, बोटं लांब ठेवून. कागद पूर्ण रुंदीत कापला गेला पाहिजे. एका बाजूला नुसता दुमडत असेल तर त्या बाजूचा स्क्रू अगदी किंचित, एकअष्टमांश फेरा, आवळा. जास्त आवळलं की मशीन ढकलताना घाम निघतो आणि पाती झिजतात. तरीही कापत नसेल, तर ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट पात्यांना लावून रीळ उलटं फिरवतात आणि नंतर पेस्ट स्वच्छ धुऊन काढतात.

आता उंची. लिव्हरवरचा ३ नंबर म्हणजे ३ सेंमी नव्हे. रोटरी मशीन सपाट फरशीवर ठेवा आणि फरशीपासून ब्लेडच्या धारेपर्यंत पट्टीने मोजा. चारही चाकं एकाच खाचेत हवीत, नाहीतर लॉनवर पायऱ्या पडतात. साधी हरळी रोटरीने कापताना ३ ते ४ सेंमी ठेवावी, उन्हाळ्यात ४ च्या जवळ. अर्धा-पाऊण इंचाचा गालिचा हवा असेल तर रीळ मशीन, सपाट जमीन आणि वारंवार कापणी तिन्ही लागतात. यातलं एक जरी नसलं तर तो हट्ट सोडलेला बरा.

एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. ३ सेंमीचं लॉन ठेवायचं तर ते ४.५ झालं की कापायचं. पावसाळ्यात आठवडाभर उघडीप मिळाली नाही आणि हरळी ८ सेंमीवर गेली, तर एकाच फेरीत ३ वर आणू नका. उंच वाढलेल्या हरळीत हिरवं फक्त वरच्या थरात असतं, खाली नुसत्या काड्या. थेट खाली कापलं की त्या उघड्या पडतात, मुळांची वाढ थांबते आणि मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो. आधी ५.५, तीन-चार दिवसांनी ४, मग ३.

ओलं गवत शक्यतो कापूच नये. कापावंच लागलं तर नंतर मशीनच्या पोटाखाली चिकटलेला लगदा लाकडी पट्टीने खरवडून काढा. तो वाळला की हवा खेळत नाही, गवत उभं राहत नाही आणि नवी धारही वाया जाते. लॉनवर पडलेले लगद्याचे ढीग त्याच दिवशी पंजाने पसरा. दोन दिवस राहिले तर खालचं गवत पिवळं पडतं.