मावशीला हवाय मुलाचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड

मागच्या रविवारी सकाळी सकाळी नाशिकहून मावशीचा फोन. अरे, आमच्या पोरीला एक स्थळ आलंय, मुलगा तुझ्याच न्यू जर्सीत आहे, तिकडे म्हणे सगळं कॉम्प्युटरवर दिसतं तर दारू पिऊन गाडीबिडी चालवताना पकडला गेलाय का एवढं बघून सांग ना. आणि पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर त्याचा मोबाईल नंबर आणि बायोडेटा, पत्रिकेसकट!

तिच्या डोक्यात आपलं ई-चलान होतं. गाडीचा नंबर टाकला की दंड दिसतो तसं. इथे मात्र रेकॉर्ड गाडीला नाही, लायसनला म्हणजे माणसालाच चिकटतो. त्याला ड्रायव्हर अॅबस्ट्रॅक्ट म्हणतात, मोटर व्हेईकल कमिशनच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या साइटवर १५ डॉलर भरले की मागच्या ५ वर्षांचा उतारा मिळतो, अगदी सातबारा काढल्यासारखा. पण स्वतःचाच. विमा कंपनी वगैरेंना ठराविक कामासाठी मिळतो, भावी सासूला नाही. १९८९ साली एका वेड्या चाहत्याने डिटेक्टिव्ह लावून आरटीओसारख्या तिथल्या ऑफिसातून एका नटीचा पत्ता काढला आणि तिच्या दारात जाऊन तिला गोळी घातली, त्यातूनच पुढे १९९४ ला कायदा आला आणि ही माहिती कुणालाही देणं बंद झालं. हे सगळं ऐकून मावशी म्हणाली, आपण कुठे गोळी घालणारोत?

पण फोन ठेवल्यावर मला आमच्या एका मित्राची ती दिवाळी पार्टीनंतरची रात्र आठवली. अडीच वाजता फोन, मी स्टेशनात आहे, न्यायला ये. घर जेमतेम दोन मैलांवर, मागचा एक लाइट बंद होता म्हणून पोलिसाने थांबवलं आणि काच खाली केल्यावर वास आला. मग रस्त्याच्या कडेला परीक्षा. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच टेकवत सरळ रेषेत नऊ पावलं जायचं, वळायचं, नऊ पावलं परत. मग एका पायावर उभं राहून वन थाउजंड वन, वन थाउजंड टू असं मोजायचं. गडी इतका टरकला होता की त्याने एक दोन तीन चार असं मराठीतच सुरू केलं. स्टेशनात नेऊन २० मिनिटं नुसतं बसवून नजर ठेवली, मध्ये ढेकर किंवा उलटी झाली तर आकडा चुकतो म्हणून, आणि मग मशीनमध्ये दोनदा फुंकायला लावलं. रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा ०.११ टक्के आला. इथली मर्यादा ०.०८. आपल्याकडे १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम म्हणजे ०.०३, कागदावर तरी आपण यांच्यापेक्षा कितीतरी कडक आहोत बरं का.

मी पोचलो तर माझ्याही पुढे एक कागद आला. हा माणूस अजून नशेत आहे, याला पुन्हा गाडी चालवू दिली तर तुझ्यावरही जबाबदारी येऊ शकते, असं बजावणारा, त्यावर सही. २००० साली असाच एक पकडलेला माणूस मित्राच्या ताब्यात दिला, मित्राने त्याला परत त्याच्या गाडीपाशी सोडलं आणि त्याने जॉन एलियट नावाच्या तरुण नौदल अधिकाऱ्याचा जीव घेतला. तेव्हापासून हा जॉन्स लॉ. गाडीही १२ तास जप्त. सही करण्याआधी मी आपण स्वतः काही प्यायलोय का ते तीनदा आठवून बघितलं.

दंड ऐकला तर हसायला येईल, ३०० ते ५०० डॉलर. पण त्याच्या मागे वरात असते, दरवर्षी १००० डॉलर सरचार्ज असा ३ वर्षं, १२ तासांची शाळा, वकील, विमा, आणि ७ महिने ते वर्षभर गाडीत इंटरलॉक. म्हणजे नळीत फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही आणि चालवता चालवता मध्येच पुन्हा फुंक म्हणते. याचे आईवडील आले होते तेव्हा, काकांनी विचारलं हे काय रे, तर हा म्हणतो नवीन सेफ्टी फीचर आहे बाबा. काकांनी गावी सगळ्यांना कौतुकाने सांगितलंय!

गंमत म्हणजे न्यू जर्सीत हा फौजदारी गुन्हा नाहीच, ट्रॅफिकचं प्रकरण आहे, लायसनवर पॉइंटसुद्धा पडत नाहीत. पण फौजदारी नाही म्हणूनच फौजदारी नोंदी पुसायची जी सोय असते ती याला लागू नाही, नोंद कायमची राहते. १० वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडला तर लायसन वर्ष दोन वर्षं बंद आणि किमान ४८ तास कोठडी.

आपल्या लोकांना खरा फटका बसतो तो व्हिसाचा आणि पार्टीत ग्लास भरताना हे कुणालाच माहीत नसतं. २०१५ च्या नोव्हेंबरपासून नुसती अटक झाली तरी, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच, पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. एक ईमेल येतो, बस. इथे राहून नोकरी करता येते, पण बाहेर पडलात की नवीन व्हिसा, आणि त्यासाठी अमेरिकन वकिलातीच्या ठरलेल्या डॉक्टरांकडून तपासणी की तुम्ही व्यसनी नाही. आमच्या मित्राने बहिणीचं डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर बघितलं, भारतात फ्लू आलाय म्हणून ऑफिस सोडत नाही अशी काहीतरी थाप मारून.

आता हे सगळं मावशीला कुठे सांगत बसू. पुन्हा फोन करून एवढंच म्हटलं की मला नाही काढता येत, तो मुलगाच स्वतःचा काढू शकतो, १५ डॉलरमध्ये.

"मग सोपंय की, पत्रिका मागितली तसा तो पण मागते. पंधरा डॉलर म्हणजे किती रे? ते आपण देऊ."