मोशेची शिंगं, गव्हाणीतलं गाढव आणि योनाचा दुधी

रोमला जाऊन कलोसियमच्या रांगेत उभं न राहणं हा गुन्हा असेल, तर तो आम्ही दोघींनी केला. माझी मैत्रीण वसईची, लहानपणापासून घरात आणि चर्चमध्ये बायबल ऐकत वाढलेली. मी बायबल उघडलं ते फार उशिरा, आणि तेही युरोपातली चित्रं कळावीत एवढ्याच स्वार्थापोटी. या खेपेला आम्ही एका माणसाचा माग काढत रोम पाहायचं ठरवलं होतं. तो माणूस म्हणजे संत जेरोम.

३८२ च्या सुमारास पोप दमासस पहिला याने जेरोमला लॅटिन शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, तपासून नीट करायला सांगितली. जेरोम विद्वान खरा, पण तोंडाचा फटकळ. पोप वारल्यावर रोममध्ये त्याची पाठराखण करणारं कोणी उरलं नाही. ३८५ मध्ये त्याने शहर सोडलं आणि येशूच्या जन्मगावी, बेथलेहेमला जाऊन राहिला तो कायमचा. तिथे बसून त्याने जुना करार, म्हणजे बायबलचा ज्यूंकडून आलेला पहिला भाग, थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. तोवर चर्चमध्ये जुना करार वाचला जायचा तो सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरातून, नाहीतर त्याच्यावरून बेतलेल्या लॅटिनमधून. जेरोमचं हे काम पुढे व्हल्गेट या नावाने पश्चिम युरोपचं बायबल झालं. त्याने निवडलेल्या आणि गाळलेल्या शब्दांचं काय झालं, ते रोममध्ये दगडांत पाहायला मिळतं.

कावूर मेट्रो स्टेशनजवळून बोर्जियांचा जिना वर चढतो. काळोखी कमान, झिजलेल्या पायऱ्या. वर आलं की छोटा चौक, शेजारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचे घोळके, आणि चर्च वाटूच नये असं साधंसुधं सान पिएत्रो इन व्हिंकोली. नावाचा अर्थ ‘बेड्यांमधला पेत्र’, पेत्र म्हणजे येशूचा शिष्य. मुख्य वेदीखाली काचेच्या पेटीत त्या बेड्या ठेवल्या आहेत. पण गर्दी होते ती उजवीकडच्या कोपऱ्यात, मायकेलअँजेलोने घडवलेल्या, ज्यूंचा संदेष्टा मोशे याच्या पुतळ्यापुढे.

पोप ज्युलियस दुसरा याच्या कबरीसाठी हा पुतळा घडवला. १५०५ मध्ये काम ठरलं तेव्हा चाळीसेक पुतळ्यांचं भलंमोठं स्मारक होणार होतं. पोप १५१३ मध्ये गेला, वारसांनी हात आखडता घेतला, आराखडे आटत गेले, आणि १५४५ मध्ये एकदाचं उभं राहिलं ते भिंतीला टेकलेलं हे आटोपशीर स्मारक. ज्युलियस स्वतः पुरला गेला सेंट पीटर्समध्ये. मोशे मात्र इथे बसला आहे, बसलेल्या अवस्थेतच २३५ सेंटीमीटर उंच. बगलेत देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या, उजव्या हाताची बोटं लांब दाढीत गुंतलेली, डाव्या हाताच्या शिरा टरारून आलेल्या. आणि डोक्यावर, कपाळाच्या जरा वर, केसांच्या बटांमधून निघालेली दोन आखूड, बोथट शिंगं.

शेजारच्या एका घोळक्याला गाइड सांगत होता की हे जेरोमचं चुकलेलं भाषांतर. हे वाक्य रोममध्ये जागोजागी ऐकू येतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. प्रकरण असं आहे. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशे दोन पाट्या घेऊन सीनाय डोंगरावरून उतरतो. देवाशी बोलल्यामुळे त्याच्या चेहऱ्याच्या त्वचेचं काहीतरी झालेलं असतं आणि लोक त्याच्याजवळ जायला घाबरतात. काय झालं ते सांगायला हिब्रूत ‘करन’ हे क्रियापद आहे. त्याच धातूचं नाम ‘केरेन’, म्हणजे शिंग. सेप्टुआजिंटने चेहरा गौरवाने भरला असं म्हटलं. जेरोमने लिहिलं ‘कोर्नुता’, शिंगं असलेला. ग्रीक अर्थ त्याला ठाऊक होता, स्वतःच्या भाष्यात त्याने त्याचा उल्लेख केला आहे. त्याच्या आधी दुसऱ्या शतकात अक्विला या ज्यू भाषांतरकारानेही शिंगांचाच अर्थ घेतला होता. बायबलमध्ये शिंग हे बळाचं आणि मानाचं चिन्ह म्हणून ठिकठिकाणी येतं. तेव्हा ही झोपेत झालेली चूक नव्हे, समजून उमजून केलेली निवड होती. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरच्या शिंगधारी आकृतीला आपण सैतान म्हणत नाही. युरोपात शिंग आणि सैतान यांची गाठ पुढे इतकी घट्ट बसली की मोशेची शिंगं अवघडल्यासारखी वाटू लागली.

मला याहून जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जेरोमने हा शब्द लिहिल्यावर सहाशे वर्षं कोणाही चित्रकाराने मोशेला शिंगं काढली नाहीत. लोक कोर्नुता वाचत होते, ऐकत होते, आणि चित्रात साधा दाढीवाला मोशे काढत होते. शिंगं प्रथम दिसतात ती अकराव्या शतकात, इंग्लंडमधल्या एका हस्तलिखितात. जुन्या कराराचा भाग तिथल्या बोलीभाषेत उतरवलेला होता आणि सोबत चित्रं होती. म्हणजे शब्द लॅटिनमधून लोकांच्या भाषेत उतरला तेव्हा कुठे चित्रकाराने तो अक्षरशः घेतला. त्या चित्रांत तर मोशेने शिंगांची टोपी घातल्यासारखी दिसते. तिथून लाट पसरली. फ्रान्समध्ये दिजोंला क्लाउस स्लुटर या शिल्पकाराने १४०० च्या आसपास घडवलेला मोशे आहे, त्याचीही शिंगं ठसठशीत आहेत. मायकेलअँजेलोने छिन्नी उचलली तोवर शिंगांचा मोशे ही रुळलेली रीत होती.

या रीतीची एक काळी बाजूही आहे. ज्यूंना शिंगं असतात ही मध्ययुगातली विषारी समजूत आणि ही चित्रं एकमेकींना खतपाणी घालत राहिली. मोशे हा ज्यूंचा सगळ्यात मोठा संदेष्टा, आणि त्याच्याच डोक्यावरचं मानाचं चिन्ह त्याच्या लोकांवर उलटलं. गाइड मंडळी हे क्वचितच सांगतात.

साडेबाराला चर्च दुपारपुरतं बंद होतं, तेव्हा आम्हाला जवळजवळ हाकलूनच दिलं. तिथून सांता मारिया माज्जोरे चालत पंधरा-वीस मिनिटांवर. वाटेत पिझ्झाचे चौकोनी तुकडे वजनावर विकणारं दुकान लागलं, तिथे उभ्या उभ्याच जेवण झालं.

सांता मारिया माज्जोरेत हल्ली पोप फ्रान्सिस यांच्या कबरीसाठी रांग असते. आम्ही रांगेला वळसा घालून मधल्या भागात उभ्या राहिलो आणि माना वर केल्या. खांबांच्या वर दोन्ही बाजूंना काचखड्यांची चित्रं आहेत, पोप सिक्स्तस तिसरा याच्या काळातली, ४३२ ते ४४० मधली. जेरोम ४२० च्या सुमारास वारला, म्हणजे हे काम त्याच्यानंतर पंधरा-वीस वर्षांतलं. उजव्या बाजूला मोशेच्या कथा आहेत. चित्रं इतकी उंचावर की छोटी दुर्बीण न नेणाऱ्याला नुसते रंगीत ठिपके दिसतात. आमच्याकडे पक्षी पाहायची होती. लाल समुद्र, बुडणारं मिसरी सैन्य, काठी उगारलेला मोशे, आणि डोक्यावर शिंगाचा मागमूस नाही.

याच चर्चमध्ये मुख्य वेदीखाली बाळ येशूला निजवलं त्या बेथलेहेमच्या गव्हाणीच्या फळ्या म्हणून लाकडाचे तुकडे जपून ठेवले आहेत. जेरोमच्या अस्थीही बेथलेहेमहून इथे आणल्या असं परंपरा सांगते. आणि इथल्या संग्रहालयात आर्नोल्फो दि काम्बियोने १२९० च्या आसपास घडवलेला ख्रिस्तजन्माचा देखावा आहे. त्यातला बैल आणि गाढव पाहायलाच मी आले होते. एकाच दगडातून बाहेर काढलेली दोन तोंडं, खाली झुकलेली. बैलाच्या नाकपुड्या रुंद, गाढवाचे कान मागे.

‘आमच्या गोठ्यातलं गाढव याच्यापेक्षा देखणं असतं हं,’ मैत्रीण म्हणाली. वसईत नाताळात दारोदारी गोठे मांडतात आणि त्यात हे दोघे असतातच.

‘पण बायबलमध्ये ते आहेत कुठे?’ मी विचारलं.

तिने क्षणभर आठवून पाहिलं. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत. बैल नाही, गाढव नाही. ते आले जुन्या करारातून. यशया संदेष्टा पहिल्याच अध्यायात म्हणतो की बैल आपल्या मालकाला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाणी ओळखतं, आणि माझे लोक मात्र मला ओळखत नाहीत. गव्हाणी हा धागा तिथे मिळाला. पण जनावरं दोन आणि बाळ बरोबर मधोमध, ही मांडणी आणखी एका ओळीने पक्की केली. हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत हिब्रूत ‘वर्षांच्या मध्यात’ आपलं काम प्रकट कर असं देवाला म्हटलंय. सेप्टुआजिंटमध्ये तिथे ‘दोन प्राण्यांच्या मध्ये तू ओळखला जाशील’ असं आहे. जुन्या लॅटिन बायबलांनी तेच उचललं, आणि ख्रिस्तबालाच्या कथा सांगणाऱ्या पुढच्या एका ग्रंथाने या ओळीचा हवाला देऊन बैल आणि गाढवाला गोठ्यात रीतसर आणून उभं केलं.

जेरोमने हबक्कूकचं भाषांतर करताना हिब्रूला धरून ‘वर्षांच्या मध्यात’ लिहिलं. प्राणी गेले. निदान कागदावरून. बेथलेहेममध्ये, येशू जिथे जन्मला असं मानतात त्या गुहेच्या शेजारी बसून त्याने त्यांना बाहेर काढलं, आणि ते हलले नाहीत. १२२३ मध्ये फ्रान्सिस असिसीकराने ग्रेच्चो गावी जिवंत बैल आणि गाढव आणून नाताळ साजरा केला. त्याच्याच पंथातला पहिला पोप निकोलस चौथा, आणि आर्नोल्फोचं हे काम त्याच्याच कारकिर्दीतलं. ज्याने गाढव गाळलं त्याच्या अस्थी आणि ते गाढव एकाच छपराखाली, हे मला फार आवडलं.

व्हॅटिकन म्युझियममध्ये लोंढा सिस्टीन चॅपलकडे वाहतो. तिथल्या भिंतींवर १४८१-८२ मध्ये रंगवलेल्या चित्रांत मोशेच्या डोक्यातून सोनेरी किरण निघतात. म्हणजे मायकेलअँजेलोच्या आधीही तेजाचा अर्थ कोणी विसरलेलं नव्हतं. पण आम्हाला जायचं होतं पियो क्रिस्तियानो विभागात, जिथे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या संगमरवरी शवपेट्या आहेत. तिसऱ्या शतकाच्या अखेरची योनाची पेटी तिथली माझी लाडकी.

योना हा देवाचं न ऐकता पळालेला, मोठ्या माशाने गिळलेला आणि पुढे निनवे शहराबाहेर देवाने उगवलेल्या झाडाच्या सावलीत बसलेला संदेष्टा. पेटीच्या दर्शनी बाजूला त्याची सगळी गोष्ट एकात एक गुंतवून कोरली आहे. खलाशी योनाला जहाजातून खाली लोटताहेत आणि खाली तोंड उघडून जे वाट पाहतंय त्याला मासा म्हणवत नाही. कुत्र्यासारखं तोंड, सापासारखी वेटोळी शेपटी. हिब्रूत नुसता ‘मोठा मासा’ आहे. सेप्टुआजिंटने शब्द वापरला ‘केतोस’, आणि ग्रीक-रोमन कारागिराला केतोस म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. ग्रीक कथेतल्या आंद्रोमेदा या राजकन्येला गिळायला येणारा समुद्रराक्षस तो त्याने कितीदा कोरला असेल. तोच इथेही आला.

उजवीकडे वर योना किनाऱ्यावर उघडा पहुडला आहे, एक हात डोक्यावरून टाकून, आणि त्याच्यावर मांडव. मांडवाला लटकताहेत दुधी. खरोखर दुधी भोपळे, लांबट, देठाशी निमुळते, पानं रुंद. योनाला सावली देणाऱ्या झाडासाठी हिब्रू शब्द ‘किकायोन’. सेप्टुआजिंटने भोपळा म्हटलं, म्हणून रोमच्या भुयारी कबरींतही योना भोपळ्याच्या वेलाखाली झोपलेला दिसतो. जेरोमने तिथे ‘हेडेरा’, म्हणजे आयव्हीचा वेल लिहिला आणि गदारोळ झाला. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने ४०३ मध्ये त्याला पत्राने कळवलं की ओएया गावात, म्हणजे आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, बिशपने नवं भाषांतर वाचलं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कानात बसलेला शब्द बदललेला ऐकून लोक खवळले. बिशपला शब्द मागे घ्यावा लागला, नाहीतर चर्चमध्ये माणूस उरला नसता.

जेरोमचं उत्तर वाचण्यासारखं आहे. तो सांगतो की हे झाड पॅलेस्टाईनमध्ये रेताड जमिनीत उगवतं, झपाट्याने वाढतं, रुंद पानांची सावली देतं, आधाराशिवाय उभं राहतं, पण लॅटिनमध्ये त्याला नाव नाही म्हणून आयव्ही लिहिलं. वर्णन वाचताना कोणाही मराठी माणसाला झाड ओळखू येईल. एरंड! ओसाड गावी एरंड बळी म्हणतात तो हाच, निनवेबाहेरच्या उन्हात योनाला मिळालेला.

एके काळचा मित्र आणि मग हाडवैरी झालेला रुफिनस याने मारलेला टोमणा असा: आता पूर्वजांच्या कबरींवरही लिहून ठेवूया की योना भोपळ्याच्या नव्हे, आयव्हीच्या सावलीत झोपला होता. ही पेटी तेव्हाच शंभरेक वर्षांची झाली होती. तिच्यावरचे दुधी बदलायला छिन्नी घेऊन कोणी आलं नाही.

पियो क्रिस्तियानोला वेगळं तिकीट लागत नाही, पण विभाग कधीकधी बंद असतो. निघण्याआधी म्युझियमच्या संकेतस्थळावर बघून जा, आणि दुर्बीण विसरू नका.