डाव्या सीटपुढचं पाणी: वाट सापडली, पण वरून नव्हे

सापडलं! गाडीत डाव्या सीटपुढे साचणारं पाणी कुठून येतं ते अखेर सापडलं. काउल (पुढच्या काचेखालची, वायपरपाशी जाळी असलेली खाच) नाही, दाराच्या आतलं मेंब्रेन नाही, पुढच्या काचेची कडही नाही. पाणी वरून येतच नव्हतं. ते चाकाकडून येत होतं, आणि तेही एका वायरचा हात धरून.

मे महिन्यातलं अपडेट आठवत असेल. तेव्हा एसीचा ड्रेन पाइप तुंबला होता. गाडीखालून बारीक नळी घालून तो मोकळा केला, बोनेटखाली टपटप सुरू झाली आणि उरलेला मे कोरडा गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि मॅटखाली पुन्हा पचपच. एसी बंद ठेवला तरी तेच, म्हणजे ड्रेनचा संबंध नाही. कूलंटही नव्हतं. बोटाला चिकटत नव्हतं, गोडसर वास नव्हता आणि रिझर्व्ह बाटलीतली पातळी तसूभर हलली नव्हती. साधं पावसाचं पाणी, किंचित मातकट. त्या मातकटपणाकडे पुन्हा येतो.

पहिला संशय अर्थातच काउलवर. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे आणि गुलमोहराची पानं हा गाडीवाल्याचा स्वतंत्र छळ आहे. आंब्याचं पान जाळीवर अडतं, उचलून फेकता येतं. गुलमोहराची बारीक पाती मात्र जाळीतून आरामात आत जातात आणि खाली त्यांचा काळा लगदा होतो. वायपरचे आर्म काढले, काउलची प्लास्टिक जाळी उचलली, लगदा खरवडला, दोन्ही बाजूंची निचऱ्याची भोकं मोकळी केली. मग तांब्याने पाणी ओतलं, तर ते सरळ खाली गेलं. फार समाधान झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन आलो, कार्पेट ओलं.

मग दार. इथे नव्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो: दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतंच आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते गाडीत येऊ नये म्हणून ट्रिमच्या मागे प्लास्टिकचा पडदा असतो, तेच मेंब्रेन. आमचं एका कोपऱ्यात सुटलं होतं. जुना चिकट थर काढून ब्यूटाइल टेपने बसवलं. काम देखणं झालं, पण उपयोग शून्य.

काचेची कड तपासायला बायको टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालून बसली आणि मी बाहेरून पाइपने पाणी मारत राहिलो. असं पाणी मारताना नेहमी खालून वर जावं. सिल (दाराचा उंबरठा), मग बिजागऱ्या, मग काच, शेवटी छत. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. छतापर्यंत पोचलो, आत एक थेंब नाही. "तुझी गाडी फक्त ऑफिसला जातानाच गळते," असा अहवाल डॅशबोर्डखालून आला. चेष्टाच होती, पण शब्दशः खरं होतं ते.

दुवा दिला आईने. पुढे डाव्या सीटवर तीच बसते, गुडघ्यांमुळे तिला मागे बसणं जमत नाही. ती म्हणाली, "अरे, पाऊस चालू असतानाच असं नाही. आत्ता येताना ऊन होतं, तरी चप्पल भिजलीच की." पाऊस नाही, पण रस्ता ओला. रात्रभर धो धो पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी कोरडी, आणि उन्हात ओल्या रस्त्यावरून आलेली गाडी ओली. काउल, मेंब्रेन, काच या तिन्ही संशयितांची त्या एका वाक्यात निर्दोष सुटका झाली.

डावीच बाजू का, याचंही उत्तर मग समोरच होतं. आपण डावीकडून चालवतो, पाणी रस्त्याच्या कडेला साचतं, त्यामुळे डाव्या चाकांच्या नशिबी जास्त डबकी येतात. टायर ते पाणी मागे आणि वर फेकतो, तेही चांगल्या जोराने. तो जोर घरच्या पाइपला कुठून येणार? शिवाय अंगणात पाइप मारताना चाकाच्या कमानीच्या आत कोण मारतं!

खात्री करायला डाव्या पुढच्या सीटचे चारही बोल्ट काढून सीट बाजूला केली. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका. तो एअरबॅगच्या सर्किटचा असतो. सीट बाहेर असताना इग्निशन चालू केलं तर डॅशवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. म्हणून कार्पेट काढून झाल्यावर सीट नुसती परत ठेवली नाही, तर बोल्ट आवळून आणि कनेक्टर जोडून मगच गाडी सुरू केली. सिल प्लेट आणि बाजूचं किक पॅनेल (पायाशेजारच्या भिंतीवरचं प्लास्टिक) उघडंच ठेवलं. उघडा पत्रा कोरडा पुसून त्यावर आईची टाल्कम पावडर पातळशी भुरभुरवली आणि ओल्या रस्त्यावर एक चक्कर मारली.

परत येऊन टॉर्च मारला तर पावडरीत एक बारीक रेघ, करंगळीच्या नखाएवढी रुंद. किक पॅनेलच्या मागून निघालेली, पत्र्याच्या घडीवरून उतरून सीटच्या पुढच्या बोल्टपाशी संपलेली. बाकी सगळी पावडर जशीच्या तशी. इतके दिवस ज्याच्यामागे लागलो होतो ते पाणी स्वतःची सही करून गेलं होतं. पुसण्याआधी फोटो काढला.

पुढचं काम सोपं. जॅक, जॅक स्टँड (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, कृपया), चाक काढलं, फेंडर लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) सोडवला. लायनरच्या मागच्या कडेच्या पुश क्लिप गायब होत्या, त्यामुळे ती कड फडफडत होती आणि टायरचा फवारा थेट आत. लायनरच्या मागे अर्धी बादली चिखल: माती, गुलमोहर, कुठल्या तरी पाकिटाचा तुकडा. पाण्याला मातकट रंग इथूनच येत होता. चिखल काढल्यावर पत्र्यात एक गोल भोक दिसलं. कारखान्यातून येताना त्यात रबरी डमी, म्हणजे बूच, असते. आमची डमी मधोमध फाडून त्यातून दोन वायरी आत घातल्या होत्या. फॉग लॅम्पच्या.

ते दिवे गाडी घेतली त्याच वर्षी एका अॅक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतले होते. नाव घेत नाही, पण ही पद्धत सर्रास आहे. पत्र्यात तयार भोक दिसलं की डमी फाडायची, वायर घुसवायची, वर काळी टेप. वायरही वरून सरळ उतरत आत आलेली. वायर ओली झाली की पाणी तिच्याच अंगाने घरंगळत येतं. म्हणून आत शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी पडून जातो. घरातल्या डिश अँटेनाची केबल बसवणारासुद्धा हा झोळ देतो हो.

भोकावर खालून पाइप धरला. आत बायको ओरडली, "आलं, आलं!" नळ सोडल्यासारखी धार. गळती बघून कुणाला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

आता दुरुस्ती. पहिला बेत साधा होता: नवं ग्रोमेट (वायर जाते त्या भोकात बसणारं रबरी कडं), वायरला झोळ, कडेने सीलंट. सीलंटबद्दल एक ठाम मत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नका. ते वाळताना अॅसेटिक आम्ल सुटतं आणि गंजाला आमंत्रण मिळतं. न्यूट्रल क्युअर असं स्पष्ट लिहिलेलं घ्या, किंवा गाडीचं सीम सीलर. आणि गळती सापडण्याआधी तर काहीच फासू नका. नाहीतर पाणी दुसरी वाट धरतं आणि शोध पहिल्यापासून.

पण त्या वायरी आत कुठे जातात हे बघायला डॅशखाली शिरलो आणि बेत बदलला. दिव्यांचा अख्खा करंट डॅशवरच्या स्विचमधून फिरवलाय, रिले (बारीक वायरच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाहीच. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर, आणि ते सगळं एका चिमुकल्या स्विचच्या जिवावर. स्विचच्या मागचं प्लास्टिक पिवळं पडलंय. हे गळतीपेक्षा वाईट आहे. आता रिले बॅटरीपाशी, 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, जाड वायर बोनेटखालीच राहील. आत येईल ती फक्त रिलेला इशारा देणारी बारीक वायर.

हे लिहिता लिहिताच सुचलं: ती बारीक वायर तरी फेंडरमधून कशाला आणायची? फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, मुख्य हार्नेस (वायरींचा जुडगा) आत येतो, त्या मोठ्या ग्रोमेटला बाजूला एक बंद रबरी नळी असते, जादा वायरसाठीच दिलेली. टोक कापायचं, वायर घालायची, झिप टायने आवळायचं. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो, आमच्याकडे आहे आणि कुणी हात लावलेला नाही! म्हणजे फेंडरच्या भोकात पुन्हा अखंड डमी बसेल, विषय संपला. दिवे काढून टाकण्याचाही विचार होता, पण ताम्हिणी घाटाच्या धुक्यात ते खरंच कामाला येतात.

डमी आणि पुश क्लिपसाठी नाना पेठेत गेलो. क्लिप सुट्या मिळतात, पण जुनी हातात घेऊन जा. भोकाचा व्यास आणि मानेची लांबी दोन्ही जुळावे लागतात, 'सगळ्या गाड्यांना चालते'वाली क्लिप पहिल्या खड्ड्यात सुटते. डमीसाठी भोकाचं माप कॅलिपरने घेतलं होतं, दुकानदाराने डबा उपडा करून पाच मिनिटांत जुळणारी काढून दिली. ऑनलाइन हाच तुकडा शोधताना माझी एक रविवार सकाळ गेली होती.

गंजाचं: भोकाच्या कडेला आणि सिलच्या टोकाला वरवरचा तांबूस थर, पत्रा शाबूत. वायर ब्रश, फॉस्फोरिक आम्लवालं रस्ट कन्व्हर्टर, झिंक प्रायमर, वर रंग. आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारायचं आहे, पण पोकळी पूर्ण कोरडी झाल्यावरच. तळाची निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजणार नाहीत हे बघावं लागेल.

खरी डोकेदुखी कार्पेटखालचा नमदा, म्हणजे दाबून केलेल्या तंतूंचा जाड थर. वरून कोरडा वाटतो, दाबला की पाणी. जागच्या जागी वाळवायच्या भानगडीत पडू नका, वास कधीच जात नाही. बाहेर काढून धुतला, बाल्कनीत उभा टांगलाय, खाली टेबल फॅन. या हवेत चांगलाच वेळ घेणार. तोवर आईच्या पायाखाली उघडा पत्रा आणि वर जुनं पोतं. गाडीत उरलेली दमट हवा घालवायला एसी आणि हीटर एकदम चालू ठेवतो. एसी हवेतलं बाष्प काढतो, हीटर ती गरम करतो. काचांवरचं धुकं यानेच पटकन जातं.

पुढचा क्रम: रिले आणि वायरिंग या शनिवारी, मग डमी आणि लायनर. त्यानंतर कार्पेट न घालताच पुन्हा पावडर टाकून ताम्हिणीची फेरी. उजव्या बाजूचा लायनरही उघडणार आहे. तिथली डमी अखंड असावी, पण चिखल नक्की असणार. नमदा जर वाळून कडक झाला तर नवा लागेल. पुण्यात मीटरवर चांगला नमदा कुठे मिळतो ते कुणी सांगितलं तर बरं होईल. फोम नको, तो पाणी धरून ठेवतो.