तुम्ही विचारलंत म्हणून : वेताळ, चंद्र आणि पाचशे बंड्या

“साऱ्या दुनियेले आवडलं थे पुस्तक, तुमालेच काहून नाई आवडलं?”

वाचनालयात अद्भुत कादंबरी, म्हणजे इंग्रजीतली ‘फँटसी’, परत करताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचं म्हणणं असं, की राक्षस, उडते घोडे, बोलणारी झाडं एवढं सगळं तुम्ही विनातक्रार गिळता, मग याच पुस्तकात असं काय घशात अडकलं? पुस्तक खपलं एवढ्यावरूनच नाक मुरडणारे वाचकही असतात, त्यांना सोडून देऊ. बाकीच्यांची तक्रार साधी आहे. चमत्कार भरपूर असतात, हिशेब लागत नाही.

हा हिशेब आपल्याकडे कुणाला नव्याने शिकवावा लागत नाही. भागवत सप्ताहात बसलेल्या आजीला विचारा, हिरण्यकश्यपूचा वर काय होता. ती बोटांवर मोजून सांगेल : दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, जनावराकडून नाही, शस्त्राने नाही. मग नरसिंह येतो तो तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, आणि नखांनी काम उरकतो. देवाच्या अंगी ताकद होतीच. आजी खूश होते ती एकही अट न मोडता त्याने वाट काढली म्हणून. वेताळाचंही तसंच. उत्तर ठाऊक असून विक्रम गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. दोन ओळींचा नियम, आणि त्यावर चोवीस फेऱ्या. कर्णाला ऐन वेळी विद्या आठवणार नाही हा शाप आपण आधीच ऐकलेला असतो, म्हणून रथाचं चाक रुतायला लागलं की आपल्याच पोटात खड्डा पडतो.

आता खपाऊ कादंबरीचं शेवटून तिसरं प्रकरण काढा. नायक कोंडीत सापडलाय, गळ्यातला ताईत अचानक चमकतो आणि आजवर कुणी न ऐकलेली शक्ती जागी होते. इथे जुना वाचक पुस्तक मिटतो. अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली याचं एक सूत्र मांडलं : जादूने अडचण सोडवायची असेल, तर ती जादू वाचकाला जेवढी कळलेली आहे तेवढ्याच प्रमाणात ते समाधान पटेल. ताळा करायची सोपी रीत अशी. शेवटची लढाई ज्या नियमावर जिंकली तो नियम एका ओळीत लिहा आणि तो पहिल्यांदा कोणत्या पानावर आला ते शोधा. चारशे पानांच्या पुस्तकात तो दोनशेच्या आत सापडला तर लेखकाने वाचकाशी इमान राखलं. तीनशे साठाव्या पानावर सापडला तर ती गोष्ट कुठेतरी अडली होती, आणि लेखकाने मागे जाऊन ती दुरुस्त करायचा कंटाळा केला.

नियमासोबत किंमतही लागते. मंत्र म्हटल्यावर नायकाला परिच्छेदभर भोवळ आली आणि पुढच्या पानावर तो भाकर खायला बसला, याला किंमत म्हणत नाहीत. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये शिकाऊ मांत्रिकांना बजावलेलं असतं, की या बेटावर पाऊस पाडाल तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडेल. आकाशाकडे बघत पेरणी करणाऱ्या मुलखात हे समजवावं लागत नाही. इथे मंत्राचं बिल तिसऱ्याच माणसाच्या शेतात फाटतं, म्हणून तो उच्चारायची भीती वाटते.

यावर कुणी म्हणेल, टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गॅन्डाल्फ या मांत्रिकाला कुठे नियम आहेत? बरोबर आहे, त्याची ताकद नेमकी किती हे कादंबरी कधीच मोजून सांगत नाही. पण मुख्य पेच, एक घातक जादूची अंगठी नष्ट करण्याचा, तो मंत्राने सोडवत नाही. ते काम पायी चालून, उपाशी राहून दोन छोट्या माणसांना करावं लागतं. जादू धूसर ठेवायची असेल तर तिच्याकडून शेवटचं कुलूप उघडून घेऊ नये, इतकंच.

जादूचे नियम बरेच लेखक आताशा सांभाळतात. खरी पंचाईत होते ती अंतर, वेळ, चारा आणि पाणी यांत.

घोडा घ्या. चांगला घोडा बऱ्या वाटेने दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जातो, तेही काही दिवस, मग त्याला विसावा लागतो. भरधाव म्हणाल तर चार-दोन किलोमीटर. दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, वैशाखात जास्त. नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटर, म्हणजे घोड्यावर तीन दिवस. बैलबंडी दिवसाला वीस किलोमीटर धरली तर आठवडा. कादंबरीतला दूत एवढं अंतर एका रात्रीत कापतो आणि सकाळी त्याच घोड्यावरून लढाईला जातो. ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांनी १९९६ साली या प्रकारच्या कादंबऱ्यांची टर उडवणारं एक पुस्तक लिहिलं. त्यातले घोडे न थकणाऱ्या यंत्रासारखे धावतात आणि प्रवासी रोज रात्री रस्सा खातात. रस्सा शिजायला किती वेळ लागतो, हे त्या लेखकांच्या गावीही नसतं. शेकोटीवर रात्र काढणाऱ्याकडे दोन दिवसांच्या भाकरी, चटणी-कांदा, फुटाणे नाहीतर सातूचं पीठ असतं. रोडगे करायचे तर गोवऱ्यांचा आर पडेपर्यंतच तास जातो, आणि धूर दोन कोसांवरून दिसतो. पाठलाग होत असताना हे कोण करेल?

फौजेचा हिशेब तर करूनच बघा. दहा हजार माणसं, दोन हजार घोडे. माणशी पाऊण किलो ज्वारी म्हणजे रोजचे ७५ क्विंटल. घोड्याला तीन किलो हरभरा म्हणजे ६० क्विंटल. चारा वाटेत मिळेल असं समजू. रोजचं दाणागोटा १३५ क्विंटल, महिनाभर वेढा घालायचा तर चार हजार पन्नास. कच्च्या वाटेवर बंडीत आठ क्विंटल भरलं तर पाचशेच्या वर बंड्या, हजारावर बैल, आणि त्या बैलांनाही रोज शंभरेक क्विंटल कडबा. बंडीला बैलांसकट दहा मीटर जागा धरा, रांग पाच किलोमीटरची होते. पहिली बंडी निघाल्यावर शेवटची जागची हलायला दीड-पावणेदोन तास. आता हे सगळं श्रावणात काळ्या मातीच्या पांदणीतून न्या. चाकाचे आरे चिखलाने भरून सपाट थाळी होते, बैल गुडघ्यावर येतात. आपल्याकडे मोहिमा दसऱ्यानंतर निघत त्या काही उगाच नाही. नद्या उतरायच्या, वाटा वाळायच्या, नवं धान्य हाताशी यायचं. कादंबरीतली सेना मात्र धो-धो पावसात मैदान तुडवत येते, कारण मुखपृष्ठावर वीज छान दिसते.

कुणी म्हणेल, चारा-दाण्याचे आकडे वाचायला कादंबरी कशाला घ्यायची? आकडे पानावर छापू नयेतच, पण लेखकाच्या डोक्यात ते असले की कथानकाला आयते पेच मिळतात. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड बघा. २९ नोव्हेंबर १८०३ला इंग्रज आणि मराठ्यांची अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला इंग्रजांनी गड घेतला. मधल्या दिवसांत जड तोफा सातपुड्याच्या डोंगरातून उत्तरेच्या बाजूला ओढून न्यायच्या होत्या, आणि त्यासाठी वाट मुळात नव्हती. ती सैन्याने करत न्यावी लागली. गडावरच्यांना खालून काय चाललंय याची चाहूल, खाली बैल, दोर, सुरुंग, रात्रीची थंडी. लिहिणाऱ्याला यात शंभर पानं आहेत. खपाऊ कादंबरी हाच भाग गाळते आणि थेट तट फुटतो तिथे येते.

चंद्राचंही तेच. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात चंद्र कधी उगवतो याकडे सगळ्यांचे डोळे असतात. पुनवेचा चंद्र सूर्य मावळता मावळता वर येतो, मग रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर, चतुर्थीला रात्रीचं जेवण लांबतं, अष्टमीला मध्यरात्री अर्धा चंद्र. त्यामुळे “मध्यरात्री पूर्ण चंद्र डोंगरामागून उगवला” हे वाक्य वाचलं की पुढची दहा पानं मन लागत नाही. टॉल्किनने कथेतल्या तारखा आणि चंद्राच्या कला जुळाव्यात म्हणून आपलं वेळापत्रक पुन्हा बसवलं होतं. बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. पण ज्याच्या लक्षात येतं, तो पुढे लेखकाने सांगितलेल्या अवघड गोष्टींवरही विश्वास ठेवतो.

भाषांतराचा घोळ निराळा. इंग्रजीतल्या विझर्डचा ‘जादूगार’ केला की डोळ्यांपुढे टोपीतून कबुतर काढणारा माणूस येतो. आपल्याकडे भगत आहे, देवरुषी आहे, मांत्रिक आहे, मेळघाटात भुमका आहे. प्रत्येकाचं काम वेगळं, मान वेगळा, धाकही वेगळा. उंच, गंभीर, हजारो वर्षं जगणाऱ्या एल्फची ‘परी’ केली की शोकांतिकेला पंख फुटतात. अशा ठिकाणी मूळ शब्द देवनागरीत ठेवलेला बरा. एक गोष्ट तर मूळ इंग्रजीतही चुकलेली असते : अनोळखी माणसाने हातावर जाळ पेटवला की गावकरी टाळ्या वाजवतात. ज्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथल्या वाचकाला माहीत आहे की संशय आला की गाव आधी दार लावतं, मग दगड उचलतं.

मग लेखक असं का लिहितात? आळस हे उत्तर अपुरं आहे. खपणारी कादंबरी बहुतेक वेळा ज्याने या प्रकारातलं आधी काहीच वाचलं नाही त्याच्यासाठी असते. त्याला गुराखी पोरगा राजपुत्र निघतो हे पहिल्यांदाच कळतं. दहाव्यांदा वाचणाऱ्याला जन्मखूण दिसताच राज्याभिषेक दिसतो. तेही चाललं असतं, पण त्या पोराला गुरं राखताना काय येत होतं ते तिसऱ्या प्रकरणात विसरलं जातं. कोणत्या गवताने गाय फुगते, उन्हाळ्यात सागाचं रान निष्पर्ण झाल्यावर सावली कुठे उरते, नाल्याच्या वाळूत किती खोल खणलं की पाणी लागतं, हे त्याला ठाऊक असणार. पुढच्या प्रवासात ते कधीच कामी येत नाही, फक्त रक्त कामी येतं.

दुसरं कारण तीन भागांची चाल. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही लेखकाच्या दृष्टीने एकच कादंबरी; १९५४-५५मध्ये ती तीन खंडांत आली ती कागदाची टंचाई आणि खर्च यांपायी. नंतरच्यांनी त्या नाइलाजाची प्रथा केली. एका पुस्तकाचा ऐवज तिघांत वाटायचा म्हटल्यावर मधला खंड चालण्यात, पकडले जाण्यात आणि सुटण्यात जातो. कपाशीच्या बोंडासारखं बघा : क्विंटलभर कापूस जिनात घातला तर रुई तेहतीस-पस्तीस किलो निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीची निदान ढेप होते.

पट्टीच्या वाचकांचंही चुकतं, हे कबूल करायला हवं. नकाशे, वंशावळी, चलनाचे दर यांच्या नादात काही लेखक शासन निर्णयासारखी जादू लिहितात : कलम, पोटकलम, अपवाद. वाचकही मग पात्र जगलं का हे विचारत नाही, मंत्राची बेरीज जुळली का हे बघतो. बुलढाणा जिल्ह्यातली भेंडवळची घटमांडणी याबाबतीत चांगला धडा आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखायचा, भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, पुरी, सांडोळी, कुरडई. रात्री शेतात कुणी थांबायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघायचं. भाकीत किती खरं याच्याशी इथे कर्तव्य नाही. पण मांडणी बघा : वस्तू सगळ्या स्वयंपाकघरातल्या, नियम पोरालाही सांगता येतील इतके थोडे, आणि मधली रात्र कुणीच पाहिलेली नाही. अद्भुत कादंबरीला नियम लागतात ते एवढेच, आणि ती न पाहिलेली रात्रही लागते.

तेव्हा पुढचं जाडजूड पुस्तक घरी नेण्याआधी पहिल्या पानावरचा नकाशा उघडा. एक दोरा घ्या, नायकाच्या गावापासून राजधानीपर्यंत वाटेच्या वळणांनी ठेवा, खालच्या मापपट्टीवर मोजा आणि पायी चालणाऱ्याला दिवसाला पंचवीस किलोमीटर द्या. मग मधली प्रकरणं चाळून किती रात्री मुक्काम झाला ते मोजा. दोऱ्याने वीस दिवस सांगितले आणि पुस्तकात चार रात्री निघाल्या, तर ते पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याला द्या, त्याला आवडेल. मापपट्टीच नसेल तर मात्र आधी शेवटून तिसरं प्रकरण बघून घ्या.