निर्बंधांची बातमी आली की आधी तारीख बघा

लोकलमध्ये मोबाइलवर ‘युरोपने निर्बंध लादले’ एवढं वाचेपर्यंत दादर येतं आणि बातमी तिथंच राहते. बेलारूसचं उदाहरण घ्या. ९ ऑगस्ट २०२० ला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं, सत्तेवर असलेल्या लुकाशेंको यांना ८० टक्के मतं जाहीर झाली, निकाल खोटा म्हणत लोक रस्त्यावर उतरले. चीनचं अभिनंदन दुसऱ्याच दिवशी पोचलं. युरोपीय संघाने १९ ऑगस्टला निकाल अमान्य केला, पण ४० जणांवर प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवणं यायला २ ऑक्टोबर उजाडला. अशा निर्णयाला सगळ्या २७ देशांची संमती लागते, आणि तुर्कस्तानवरही कारवाई करा म्हणून सायप्रस अडून बसला होता. त्यातही खुद्द लुकाशेंको यादीत नव्हतेच! त्यांचं नाव नोव्हेंबरात आलं. ब्रिटन आणि कॅनडाने ते २९ सप्टेंबरलाच घेतलं होतं. दरम्यान रशियाने दीड अब्ज डॉलरचं कर्ज देऊ केलं. तुरुंगात मार खाणाऱ्या आंदोलकांच्या बाबतीत हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

बंदी कुणावर आणि कशावर, तेही शोधा. व्यक्तींवरच्या बंदीने सरकारी तिजोरी आटत नाही. पोटॅश (खतासाठी लागणारं खनिज) आणि तेल उत्पादनांच्या व्यापारावर युरोपने हात घातला तो जून २०२१ मध्ये, तोही बेलारूसने प्रवासी विमान राजधानी मिन्स्कला उतरवून पत्रकाराला पकडल्यावर.